अळ्या काढल्या, पण खाली काय होते ते कोणी लिहिले नाही

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका, आणि
मा. अधिष्ठाता, राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय व छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कळवा

विषय : न भरणाऱ्या जुनाट जखमांसाठी निर्जंतुक अळ्यांचा उपचार नियंत्रित अभ्यासाच्या स्वरूपात हाती घेण्याबाबत

महोदय,

मी निवृत्त परिचारिका असून खारेगावात राहते. ३३ वर्षांच्या नोकरीतला बराचसा काळ माझा ड्रेसिंगच्या ट्रॉलीमागे गेला, त्यामुळे जखमांविषयी मला जे कळते ते पुस्तकांतून कमी आणि पट्ट्या सोडताना अधिक कळले आहे. हे पत्र तक्रारीचे नाही. एक मागणी आहे, आणि ती प्रथमदर्शनी किळसवाणी वाटणार याची मला कल्पना असल्यामुळे ती एका वाक्यात न मांडता थोडी सविस्तर मांडण्याची परवानगी घेते.

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात रेतीबंदरावर हातपाटीने रेती काढणारा एक माणूस आमच्याकडे परत आला. त्याला मधुमेह होता, तळपायाला जखम होती, आणि घरी गेल्यावर चार दिवस त्याने पट्टी बदलली नव्हती. पट्टी सोडली तर जखमेत अळ्या वळवळत होत्या. पद्धत ठरलेली होती. टर्पेंटाइन तेलात भिजवलेला गॉज जखमेत ठेवायचा, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, श्वास कोंडला की अळ्या वर येतात, मग आर्टरी फोर्सेपने एकेक पकडून किडनी ट्रेमध्ये टाकायची. त्या दुपारी पासष्टपर्यंत मोजल्या आणि मग मी मोजणे सोडले. त्याच्या बायकोला मी चार शब्द सुनावलेही, घरात लक्ष देता की नाही म्हणून, आणि त्याची लाज मला आजही वाटते. पण सगळ्या अळ्या निघाल्यावर, सलाइनने जखम धुतल्यावर, जे दिसले ते मी विसरू शकले नाही. आठवड्यापूर्वी याच जखमेच्या तळाशी पिवळट-करडा, चिवट स्लफ, म्हणजे मेलेल्या मांसाचा थर, होता. कात्रीने तो सुटत नव्हता आणि जोर केला तर कडेने रक्त येत होते. आता तिथे लाल, दाणेदार, ओलसर मांस होते. केसपेपरवर नोंद झाली ती एवढीच : अळ्या काढल्या, ड्रेसिंग केले. खाली काय होते ते डॉक्टरांनी लिहिले नाही आणि मीही लिहिले नाही.

एका रुग्णावरून उपचार ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण निवृत्तीनंतर वाचन वाढले तेव्हा कळले की जे मी पाहिले ते माझ्या आधी अनेकांनी पाहिले होते, आणि त्यांच्यापैकी काहींनी ते लिहूनही ठेवले. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक लारी याने इजिप्त-सीरियाच्या मोहिमेत पाहिले की ज्या सैनिकांच्या जखमांत अळ्या पडल्या त्यांच्या जखमा लवकर स्वच्छ झाल्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात झकारियास नावाच्या डॉक्टरने त्या मुद्दाम जखमेत सोडल्या. पुढे १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात, विल्यम बेअर या अस्थिशल्यचिकित्सकापुढे दोन सैनिक आणले गेले. दोघांच्याही मांडीचे हाड मोडून बाहेर आले होते, पोटावरही मोठ्या जखमा होत्या, आणि दोघेही सात दिवस रणांगणावर अन्नपाण्यावाचून पडून होते. त्या काळी मांडीच्या अशा उघड्या अस्थिभंगातून बहुतेक सैनिक वाचत नसत. या दोघांना ताप नव्हता. कपडे काढले तेव्हा जखमा अळ्यांनी भरलेल्या दिसल्या, आणि अळ्या धुऊन टाकल्यावर खाली गुलाबी, भरत आलेले मांस होते. बेअर यांना जे दिसले ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे रेतीबंदरावरचा तो माणूस आला. फरक इतकाच की बेअर यांनी दहा-बारा वर्षांनंतर का होईना, १९२८ च्या सुमारास जॉन्स हॉपकिन्स येथे हाडाच्या जुनाट संसर्गाच्या २१ रुग्णांवर अळ्यांचा उपचार करून पाहिला.

त्यांच्या कामातला जो भाग उत्साही लोक सांगायचे विसरतात, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बेअर यांच्या काही रुग्णांना त्या उपचारातून धनुर्वात आणि गॅस गँगरीन यांसारखे संसर्ग झाले, कारण अळ्या निर्जंतुक नव्हत्या. त्यावरून त्यांनी धडा घेतला आणि माशीची अंडी रसायनाने निर्जंतुक करून, बंदिस्त जागेत वाढवलेल्या अळ्याच वापरायच्या, हा दंडक घातला. त्यांचा निबंध १९३१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेतल्या ३०० हून अधिक रुग्णालयांत हा उपचार होत होता आणि एक औषध कंपनी चक्क अळ्या विकत होती. मग पेनिसिलिन आले आणि हे सारे मागे पडले. प्रतिजैविके एका इंजेक्शनवर काम करत असताना माश्या पाळण्याचा उद्योग कोण करील? तेव्हाचा तो निर्णय चुकीचा नव्हता. आज त्याच प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू प्रत्येक सर्जिकल वॉर्डात असताना तो निर्णय पुन्हा तपासावा, एवढेच माझे म्हणणे आहे. परदेशात तो तपासला गेला आहे. कॅलिफोर्नियातले डॉ. रोनाल्ड शर्मन यांनी १९९० च्या आसपास या उपचाराचा पद्धतशीर अभ्यास पुन्हा सुरू केला; २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय अळ्यांना मान्यता दिली आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत डॉक्टर त्या लिहून देऊ लागले.

अळी जखमेत नेमके काय करते, हे नीट समजले की किळस थोडी कमी होते, निदान माझी तरी झाली. उपचारासाठी वापरतात ती लुसिलिया सेरिकाटा नावाची, धातूसारख्या हिरव्या चमकेची माशी. तिच्या बहिणी आपल्याला मासळी बाजारात रोज दिसतात. तिची एक-दोन मिलिमीटरची अळी मांस चावून खात नाही, तिला तसे दातच नसतात. ती आपल्या लाळेतून प्रथिने विरघळवणारी विकरे बाहेर सोडते, मेलेले मांस जागच्या जागी पातळ होते आणि मग ती ते शोषून घेते. जिवंत, रक्तपुरवठा असलेल्या मांसावर ही विकरे तशी चालत नाहीत, म्हणून जिथे शल्यचिकित्सकाच्या हातातली सुरी मेलेल्या आणि जिवंत मांसाची सीमा अंदाजाने ठरवते तिथे अळी ती सीमा स्वतः ओळखते. शिवाय तिच्या स्रावात जंतुनाशक घटक असतात. त्यांपैकी ल्युसिफेन्सिन नावाचे एक छोटे प्रथिन २०१० मध्ये वेगळे काढले गेले. जुनाट जखमेवर जंतू जो चिकट पापुद्रा धरून बसतात, ज्याच्या आत औषध पोचत नाही, तो पापुद्राही या स्रावाने सुटतो. सगळ्याच जंतूंवर हा परिणाम सारखा नसतो. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूवर तो चांगला दिसतो, सुडोमोनासवर मात्र कमी. आणि सुडोमोनासचा हिरवट पू, तो विशिष्ट गोडसर वास ही आपल्याकडच्या वॉर्डांची नित्याची ओळख असल्यामुळे हे ध्यानात ठेवले पाहिजे.

प्रत्यक्ष पद्धत परिचारिकेच्या हाताला न झेपणारी नाही. जखमेच्या दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५ ते ८ अळ्या, म्हणजे पाच बाय चारच्या जखमेला शंभर ते एकशे साठ. जखमेभोवतालच्या चांगल्या कातडीला स्रावाने इजा होऊ नये म्हणून कडेने चिकट संरक्षक पट्टी लावायची, वर बारीक जाळी बसवायची आणि त्यावर स्राव शोषणारा गॉज ठेवायचा. हवाबंद करायचे नाही. टर्पेंटाइनने अळी का वर येते हे ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. अळ्या जाळीच्या शिवलेल्या पिशवीतही मिळतात, म्हणजे सुटून पळण्याचा आणि रुग्णाने पाहून घाबरण्याचा प्रश्न उरत नाही. ४८ ते ७२ तासांनी पट्टी सोडायची, फुगलेल्या अळ्या धुऊन काढायच्या, मोजायच्या आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायच्या. त्या जखमेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातील ही भीती मला अनेकांनी बोलून दाखवली आहे. तसे होत नाही, कारण अळी अंडी घालत नाही. अंडी माशी घालते, आणि माशी होण्यासाठी अळीला जखम सोडून कोरड्या जागी कोषात जावे लागते.

आता सावधगिरीचा भाग, आणि तो मी मुद्दाम लांबवणार आहे. आपल्याकडे पावसाळ्यात दुर्लक्षित जखमेत पडणाऱ्या अळ्या आणि या उपचारातल्या अळ्या एक नव्हेत. भारतात जखमेत आढळणाऱ्या अळ्यांत क्रायसोमाया बेझियाना ही जात नेहमीची आहे, आणि ती जिवंत मांस खात, स्क्रूसारखी आत घुसत जाते. नाकातोंडात, डोळ्याजवळ शिरली तर जिवावर बेतते. सुश्रुतसंहितेतही माश्या व्रणावर बसून कृमी टाकतात आणि त्यामुळे वेदना व सूज वाढते असे वर्णन आहे, आणि तिथे उपाय सांगितला आहे तो ते कृमी घालवण्याचाच. म्हणजे टर्पेंटाइनची बाटली चुकीची होती असे मी म्हणत नाही. जी अळी कोणत्या माशीची, कुठून आली, कोणता जंतू अंगावर घेऊन आली हे ठाऊक नाही, ती काढलीच पाहिजे. रेतीबंदरच्या माणसाचे नशीब बलवत्तर होते, त्याच्या जखमेत योग्य जात पडली असावी. त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे तसे झाले नसते. माझे हे पत्र वाचून कोणी घरच्या जखमेवर माश्या बसू देईल, या कल्पनेनेही माझ्या अंगावर काटा येतो, म्हणून हे ठळकपणे लिहीत आहे.

शास्त्रीय पुराव्याबाबतही फसवाफसवी नको. ब्रिटनमध्ये पायाच्या शिरांच्या व्रणाच्या २६७ रुग्णांवर झालेली चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. जखम मेलेल्या मांसापासून स्वच्छ व्हायला मोकळ्या अळ्यांनी मध्यगा १४ दिवस लागले, पिशवीतल्या अळ्यांनी २८, आणि नेहमीच्या हायड्रोजेलने, म्हणजे जखम ओलसर ठेवणाऱ्या लेपाने, ७२. फरक मोठा आहे. पण जखम पूर्ण भरून येण्याच्या काळात मात्र लक्षणीय फरक पडला नाही, आणि अळ्यांच्या रुग्णांना दुखलेही जास्त. म्हणजे अळी साफ करते, भरण्याचे काम शरीराने करायचे असते. पायाला रक्तच पोचत नसेल, साखर आटोक्यात नसेल, रुग्ण त्याच पायावर दिवसभर उभा राहत असेल, तर शंभर अळ्याही काही करू शकणार नाहीत. मोठ्या रक्तवाहिनीजवळच्या जखमेत, रक्त गोठण्याचा विकार असलेल्यांत, आणि पोटाच्या किंवा छातीच्या पोकळीत उघडणाऱ्या जखमेत त्या वापरायच्याच नसतात.

मग त्यांचा उपयोग कोणाला? याचे उत्तर माझ्या घरातच मिळाले. माझे धाकटे दीर ऐरोलीला राहतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात सेफ्टी शूज घालूनच त्यांनी नोकरी केली. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली, बुटात खडा गेला तो संध्याकाळी मोजा रक्ताने चिकटला तेव्हा कळला. जखम चिघळली, तळ स्लफने भरला. ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन साफ करायचे ठरले, पण हृदय दुबळे असल्यामुळे भुलीसाठी ते फिट ठरेनात. आज टूडी एको, उद्या पुन्हा रक्त, परवा भूलतज्ज्ञ रजेवर, असे १९ दिवस गेले. शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. अळ्यांनी तो पाय वाचला असता असा माझा दावा नाही. पोटरीखालचा रक्तप्रवाह आटत आला होता हे डॉप्लरच्या अहवालात होते. पण ज्याला भूल देता येत नाही, ज्याला थिएटरची तारीख मिळत नाही, अशा माणसाच्या जखमेतले मेलेले मांस खाटेवरच, भुलीशिवाय काढण्याचा एक मार्ग जगात उपलब्ध आहे, आणि त्या १९ दिवसांत तो सुचवण्याइतका तो कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हता, हे मला खटकले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. कळवा, मुंब्रा, दिवा, वागळे इस्टेट, कोपरी इथल्या ओपीडीत त्यांपैकी किती जण पायाला फडके गुंडाळून बसतात, ते आपल्या ड्रेसिंग रूमचे रजिस्टर सांगेल.

महापालिकेने उद्यापासून माश्या पाळून रुग्णांवर उपचार सुरू करावेत, असे मी अर्थातच सुचवत नाही. तो कायद्याने गुन्हा आणि वैद्यकाच्या दृष्टीने अविचार ठरेल. माझी विनंती अशी आहे की आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाने हा विषय संशोधन म्हणून हाती घ्यावा. शल्यचिकित्सा, सूक्ष्मजीवशास्त्र आणि परिचर्या या तिन्ही विभागांनी मिळून एक लहान प्रस्ताव तयार करावा, तो नैतिकता समितीपुढे ठेवावा, आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे अर्ज करून तिचे लेखी मार्गदर्शन घ्यावे. अमेरिकेने अळीला वैद्यकीय उपकरण मानले. आपल्याकडे ती २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येते की नवीन औषधांच्या २०१९ च्या नियमांखाली, हा प्रश्न कोणीतरी अधिकृतपणे विचारल्याशिवाय पुढचे पाऊल पडणार नाही. तो प्रश्न एखाद्या खासगी कंपनीने विचारण्यापेक्षा गरिबांचे रुग्णालय चालवणाऱ्या महाविद्यालयाने विचारावा, असे मला वाटते.

दुसरी बाब अळ्या मिळण्याची. हा जिवंत माल आहे, थंड पेटीतून आणला तरी एक-दोन दिवसांत वापरावा लागतो, त्यामुळे तो दूरवरून मागवून भागणार नाही. वाढवण्याची खोली जवळच हवी. अंडी निर्जंतुक करणे, निर्जंतुक माध्यमावर ती उबवणे, प्रत्येक खेपेचा नमुना कल्चरला लावणे, ही कामे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला नवी नाहीत, आणि माश्या ओळखण्याचे व त्यांच्या पिढ्या सांभाळण्याचे काम खाडीकाठच्या बांदोडकर महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या प्राणिशास्त्राच्या अध्यापकांच्या मदतीने होऊ शकेल. मलेशियात स्थानिक लुसिलिया क्युप्रिना ही जात वापरली जाते, आणि ती आपल्या हवामानातही सापडते. मात्र तीच जात ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या जिवंत कातडीवर हल्ला करणारी म्हणून बदनाम आहे, तेव्हा कोणता वाण घ्यायचा याचा निर्णय कीटकशास्त्रज्ञावर सोपवावा, उत्साही डॉक्टरवर नव्हे.

परवानगी येईपर्यंत करण्यासारखे एक काम आहे, त्याला खर्च नाही. सर्जिकल वॉर्डात ज्या रुग्णाच्या जखमेत अळ्या आढळतील त्यांच्या अळ्या नेहमीप्रमाणे काढाव्यात, पण काढण्याआधी आणि नंतर जखमेचे मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे, दोन-चार अळ्या अल्कोहोलच्या बाटलीत ठेवून त्यांची जात ओळखून घ्यावी आणि जखमेच्या तळाचे वर्णन केसपेपरवर लिहावे. दोन पावसाळ्यांत आपल्या परिसरात कोणती माशी माणसाच्या जखमेत अंडी घालते, आणि त्यांतली कोणती घातक, याची आपली स्वतःची नोंद तयार होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाला हा विषय पुरेसा आहे.

राहिला प्रश्न लोक तयार होतील का, हा. आपल्या भाषेत ‘अंगात किडे पडतील’ हा शाप आहे. ज्याच्या जखमेत अळ्या पडल्या त्याने काहीतरी पाप केले, किंवा त्याच्या सुनेने हयगय केली, असे न बोलता गृहीत धरले जाते, आणि मी स्वतः ते गृहीत धरलेले आहे. म्हणून संमतिपत्रात काय लिहिले आहे यापेक्षा ते कोण आणि कसे समजावून सांगते, याला महत्त्व राहील. माझा अनुभव असा की जळवा लावायच्या म्हटल्यावर लोक आधी तोंड फिरवतात आणि दुसऱ्या खेपेला स्वतः विचारत येतात. ज्याला पाय काढावा लागेल असे सांगितले आहे, तो माणूस आपण समजतो तितका नाजूक नसतो. पण त्याला स्पष्ट सांगावे लागेल की दुसऱ्या दिवसापासून दुखेल, वेदनाशामक मिळेल, पट्टी ओली होईल, अमोनियासारखा वास येईल, आणि नको वाटले तर रात्री दोन वाजताही अळ्या काढून टाकता येतील. हे सांगण्याचे काम राउंडवर घाईत असलेल्या डॉक्टरांपेक्षा ड्रेसिंगची सिस्टर किंवा ब्रदर अधिक चांगले करतील, म्हणून प्रशिक्षण त्यांच्यापासून सुरू व्हावे.

या प्रस्तावावर विचार करण्यासाठी आपण बैठक बोलावल्यास मी यायला तयार आहे. नोकरीतल्या शेवटच्या अकरा वर्षांत मी जखमांच्या नोंदींची एक वही ठेवली होती. तिच्यात रुग्णांची नावे नाहीत, केवळ जखमेची लांबी-रुंदी, तळाचा रंग, स्राव आणि लागलेले दिवस आहेत. ती मी सोबत आणीन.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
खारेगाव, कळवा, ठाणे